उचलायची नाय म्हणजे नाय

जन्या, तू गेलास त्या सकाळी मी तुझ्या अंगणात येऊन तुझ्याशी भांडलो. मोठ्याने, हातवारे करून, कबड्डीच्या मैदानावर माईक बंद पडला की ओरडतो तसा. आणि तू उलट बोलला नाहीस. आपल्या उभ्या मैत्रीत असं कधी झालं नव्हतं. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं.

गावात आता त्या प्रसंगाची फार सुंदर गोष्ट झाली आहे. लोक ती एकमेकांना सांगून डोळे पुसतात. गोष्ट साफ खोटी आहे. खरी काय ते ऐकून पोट धरून हसेल असा एकच माणूस होता, तो तू. म्हणून तुला सांगतो. लिहून सांगतोय म्हणजे गावभर होणारच. होऊ दे.

सगळ्याच्या मुळाशी आपली पिकअप. अर्धी तुझी, अर्धी माझी. चालवायचास तू, मिरवायचो मी. लग्नसराईत माझे मंडपाचे बांबू, कापड, स्पीकर, आणि त्या ढिगाऱ्यावर राजासारखा बसलेला मी. बाकीचे दिवस ती तुझी. गावची भाजी कर्जतच्या बाजारात, आणि डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतल्या बाया त्यांच्या करवंदा-जांभळांच्या पाट्यांसकट. वाडीच्या अलीकडे तो ओहोळ, आणि ओहोळाच्या मधोमध तो दगड. त्याला 'जावई' हे नाव तूच ठेवलंस. मध्यभागी बसलेला, जागचा हलत नाही, आणि बाकीच्यांनी त्याच्या मर्जीने वळायचं.

पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या मध्ये गिअरांनी भरलेला लोखंडी गोळा असतो. तो नेमका जावयावर जाऊन आदळायचा. ठण्ण! मग तू उतरायचास, चाकाखाली दगड टाकून वाट उंच करायचास आणि गाडी पलीकडे न्यायचास. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. अचानक गेल्या वर्षी तू म्हणालास, "गाडी तीन इंच उचलूया."

तीन इंच! मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवायचे, पुढच्या स्प्रिंगांवर स्पेसर चढवायचे, लांब शॉकप टाकायचे. मी तुला किती वेळा समजावलं? "अरे, पाटे वाढवले की गाडीचं अंग वर जातं. गोळा आहे ॲक्सलवर आणि ॲक्सल आहे चाकावर. तू धोतर वर खोचलंस म्हणून तुझे पाय लांब होतात काय? गोळा वर न्यायचा तर टायर मोठा घ्यावा लागेल."

"टायर इंचभर मोठा घेतलास तर गाडी किती वर जाईल?"

"इंचभर!"

"अर्धा इंच, भावा. राहिलेला अर्धा चाकाच्या वरच्या बाजूला जातो. तो काय तू पानात वाढून घेणार?"

तिथे तू मला पकडलंस, हे तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो. मग मी टायरच्या आकड्यांवर घसरायचो. आपल्या टायरवर लिहिलेलं दोनशे पंधरा, पंच्याहत्तर, पंधरा. म्हणजे रुंदी दोनशे पंधरा मिलिमीटर, त्या रुंदीच्या पंच्याहत्तर टक्के उंची आणि आत पंधरा इंची रिम. मी म्हणायचो, दोनशे पस्तीस घे. तू म्हणायचास, तो वळणावर मडगार्डला घासेल, मग गाडी उचलावीच लागेल. मी म्हणायचो, तीन इंच उचललीस तर माझे बांबू भरल्यावर ओहोळाच्या उतारावर आडवी होईल. खालापूरच्या तहसील कचेरीसमोरच्या चहावाल्याला हे सगळं इतकं पाठ झालं होतं की तुझं वाक्य तोच पुरं करायचा.

आणि चौक गावचं ते लग्न आठवतं ना? नवरीने हार घालू नये म्हणून पोरांनी नवऱ्याला खांद्यावर घेतलेलं. तू मंडपाच्या कडेला उभा राहून बोटांनी मला तीन दाखवतोयस. माझ्या हातातला माईक चालू. मी ओरडलो, "तीन इंच उचलली की तोल गेलाच म्हणून समज!" अख्खा मंडप माझ्याकडे वळला. नवऱ्याला खाली ठेवलं. नवरी खूश होऊन माझ्याकडे बघायला लागली. तू स्पीकरच्या मागे जाऊन हसत बसलास, आणि नवऱ्याच्या मामाची समजूत घालत मी एकटा.

शेवटच्या संध्याकाळी तू कर्जतला मुनाफ मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गाडी लावलीस. चारही टायर गुळगुळीत झाले होते, आता काहीतरी ठरवणं भाग होतं. तिथून तू फोन केलास.

"मुनाफ विचारतोय, काय करायचं? उद्या येतोस?"

"तीन इंच म्हणत असशील तर गाडी माझ्या अंगावरून ने."

"तुझं पोट बघता," तू म्हणालास, "त्यासाठी तीन इंच उचलावीच लागेल."

मी रागावल्यासारखं करून फोन कापला. खरं तर मला हसू आवरत नव्हतं, आणि ते तुला ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं. तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य माझ्या पोटावर. दुसऱ्या कोणाला मित्राची शेवटची आठवण म्हणून काहीतरी बरं मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रसायनीत एका हॉलवर स्पीकर लावत होतो. गावच्या ग्रुपवर काय येतं ते मी बघत नाही, तुला माहीत आहे. तुझ्या मेहुण्याचा, रमेशचा फोन आला. आवाज तुटत होता.

"भाऊ... समजला ना तुमाला? अकराला उचलणार हाय."

"मला न विचारता?"

रमेश म्हणाला, "पोरगी माथेरानवरनं उतरतेय. ती आली की लगेच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझी हार बघायला तू हॉटेलातल्या नोकरीवरून तुझ्या पोरीलासुद्धा बोलावून घेतलंस! तिला, जिने नोकरीसाठी गाड्याच चालत नाहीत असं गाव निवडलं! मी ओरडलो, "मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाय."

"नाय भाऊ, तुमच्यासाठीच तर थांबलोय. सगळी तेच बोलतात, भाऊ आल्याबिगर उचलायचं नाय."

पुढे फोनमध्ये घरघर झाली. मला वाटलं रेंज गेली. तो रडत होता, जन्या.

मी स्कूटरवर बसलो तो थेट कर्जत. गॅरेजचं शटर खाली. शेजारचा पानवाला म्हणाला, "मुनाफभाई सकाळीच तुमच्या गावाला गेले." घ्या! म्हणजे हत्यारं घेऊन घरीच कार्यक्रम! शटरच्या फटीतून मला आपली पिकअप दिसली असती, चार ठोकळ्यांवर, चाकं काढलेली. पण वाकून बघायचं कोणी? मी तोंडात वाक्यं जुळवत गावाकडे निघालो होतो. फार चांगली वाक्यं जुळली होती.

तुझ्या दारात माणसं बसलेली. मला फक्त मुनाफ दिसला. मी स्कूटर स्टँडला न लावता सोडून दिली आणि अंगणात शिरलो.

"मुनाफ, हात लावलास तर याद राख! उचलायची नाय म्हणजे नाय! जन्या, बाहेर ये! तू एकटा ठरवणारा कोण रं?"

घरातून बायांचा जो हंबरडा फुटला, तो मी अजून ऐकतो. तुझी आक्का, इतकी वाकलेली म्हातारी, धडपडत बाहेर आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

"असं नको करू रं बाबा. जाऊ दे त्याला. अडवू नको. उचलू दे."

मी तिच्याकडे बघतोय. ती कशाबद्दल बोलते तेच कळत नाही. मग माझी नजर खाली गेली. अंगणात दोन बांबू समांतर ठेवलेले, मध्ये कामट्या बांधलेल्या. बांबूंच्या टोकांना लाल रंग होता. माझा रंग. माझ्या मंडपाचे बांबू हरवू नयेत म्हणून मी लावतो तो. कोणीतरी घाईत माझ्या गोदामातून आणले होते. जन्या, मी आधी बांबू ओळखले आणि मग तू मेलास हे मला कळलं.

चहा पिता पिता गेला, असं लोक सांगत होते. कप हातात होता, वहिनी आत साखर आणायला वळल्या तेवढ्यात. असं कसं? मी प्रत्येकाला तेच विचारत होतो, असं कसं? काल माझ्या पोटावर बोलला, आज असं कसं? मुनाफने मला खांद्याला धरून बसवलं आणि लहान मुलासारखं पाणी पाजलं. मग सगळ्यांनी माझ्या होकाराची वाट पाहिली. खरंच पाहिली! मी मान हलवल्यावरच तुला उचललं.

म्हणून गावात गोष्ट अशी की, भाऊ एवढा वेडापिसा झाला की तो तिरडी उचलू देईना. मैत्री असावी तर अशी. परवा चौकच्या बाजारात एका अनोळखी माणसाने माझ्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. मी काय सांगू त्याला? मी स्प्रिंगच्या पाट्यांबद्दल आणि शॉकपबद्दल बोलत होतो, असं सांगू? रात्रंदिवस बडबड करणाऱ्या माझ्याकडे एकदाच अशी गोष्ट आली की ती सांगायला माणूस नाही.

तेरावं झाल्यावर मुनाफचा फोन आला. गाडी तशीच ठोकळ्यांवर उभी होती. मी गेलो, तर तिथे वहिनी होत्या, रमेश होता, आणि ठाकूरवाडीची हिराबाई पाटी खाली ठेवून पायरीवर बसली होती. वाडीवर आता कोणी गाडी आणत नाही. चालत रस्त्याला यायचं आणि मिनिडोर टेम्पोवाल्याने घेतलं तर जायचं. ती विचारायला आली होती, गाडी परत सुरू होणार की विकणार?

रमेश म्हणाला, "भाऊ, त्याची शेवटची इच्छा होती. तीन इंच करून टाका."

मुनाफनेही मान डोलावली. सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मला तुझा राग आला. अरे, मेलास म्हणून तुझं गणित बरोबर होतं काय? मी सांगितलं, नाही. धोतराचं उदाहरण दिलं. मागे बाया त्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या असतात, उतारावर गाडी कलंडली तर इच्छा म्हणून कोणाला सांगायचं? रमेशचं तोंड पडलं. मला वाटलं, मी फार नीच माणूस आहे आणि माझं बरोबर आहे.

तेव्हा हिराबाई बोलली. "त्याला गाडी उंच नव्हती पायजेल. त्याला उतराया लागू नये असा पायजेल होता."

"म्हणजे?"

"दगुड टाकाया उतरायचा न् मधीच बसून ऱ्हायाचा. छाती चोळीत. घाम नुस्ता. मंग आमी बायाच दगुड टाकायचो. एक डाव मी बोलली, डागदरला दाखव. तं बोलला, दाखवतो. पण भाऊला सांगू नका. त्यो माईकवर सांगल."

वहिनींनी तिच्याकडे असं पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. त्यांनाही माहीत नव्हतं.

जन्या. वर्षभर मी तुझ्याशी इंचांवरून भांडलो. तू तीन का म्हणतोस, दोन का नाही, हे मी विचारलं. गाडी आताच का उचलायची, हे मला एकदाही सुचलं नाही. आणि तू सांगितलं नाहीस, कारण मी माईकवर सांगेन! सांगितलंच असतं. लाज नाही वाटत मला. भर लग्नात, अक्षता पडताना सांगितलं असतं की आमच्या जनूच्या छातीत दुखतंय, वऱ्हाडात कोणी डॉक्टर असेल तर स्टेजकडे यावं. तू महिनाभर माझ्याशी बोलला नसतास. महिनाभर! मी आनंदाने सोसलं असतं.

वहिनी उठल्या आणि मुनाफला म्हणाल्या, "तीन इंच म्हणजे किती होतं ते दाखवा."

त्याने जुनी चाकं चढवली, जॅक लावला आणि गाडी तेवढी वर घेतली. वहिनींनी साडीचा पदर कमरेला खोचला, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि पाय टाकून बघितला. गुडघा पार छातीशी आला. हँडलला लोंबकळूनही त्यांना वर जाता येईना.

"खाली घ्या."

मुनाफने जरा खाली घेतली. "आता?"

"अजून."

"आता?"

"थांबा. इथं." त्या चढून सीटवर बसल्या. पुढे सरकून काचेतून बॉनेटच्या पलीकडची जमीन दिसते का ते बघितलं. "याच्या वर नको."

मला राहवलं नाही. "वहिनी, तुम्ही कशाला चढताय?"

"मग चालवणार कोण? तुम्ही?"

मला स्कूटरच्या पुढे काही येत नाही, हे तुझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या म्हणाल्या, "भात कापून झाल्यावर मोकळ्या शेतात यांनी शिकवली मला. लायसनही काढलंय."

"मला कोणी बोललं नाही!"

"कसं बोलणार, भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही घोषणा केली असती." आणि त्या हसल्या, जन्या. रडतच, पण हसल्या. हिराबाईने तोंडाला पदर लावला. मुनाफने खडूने मडगार्डच्या उंचीला भिंतीवर रेघ मारली. आपण दोघे एवढे शहाणे. पाटे, स्पेसर, टक्केवारी, पासिंगला आरटीओचा साहेब टेप लावेल की नाही, सगळं बोललो. चढायचं कोणी, हा प्रश्न दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात आला नाही.

शेवटी झालं ते असं. टायर दोनशे पस्तीस, माझ्या म्हणण्याप्रमाणे. मागे एक पाटा आणि पुढे पातळ स्पेसर, म्हणजे तो घासू नये, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. आणि उंची वहिनींच्या रेघेएवढी.

काल पहिली खेप वाडीवर गेली. मी शेजारच्या सीटवर बसलो. आवाज न करता बसायला मला सांगितलं होतं. वहिनी गिअर टाकताना अशी खडखड करतात की तू असतास तर खिडकीतून उडी मारली असतीस. ओहोळाशी त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं.

"उतरा भावजी. दगड टाका."

मी उतरलो. पायजमा वर घेतला, पाण्यात गेलो. मोठे दगड उचलून चाकांच्या वाटेत टाकायला लागलो, आणि चौथ्या-पाचव्यालाच मला बसावं लागलं. मांडीवर हात ठेवून धापा टाकत बसलो. तू इथेच बसायचास. बाया इथूनच तुझ्याकडे बघत असतील. इतक्या जवळ होतं हे सगळं. आपल्या गावापासून इतकं जवळ, आणि मी कुठेतरी कोणाच्या तरी वरातीत 'पाहुण्यांनी जेवून जावे' सांगत होतो.

"बाजूला व्हा," वहिनी ओरडल्या.

वाट अर्धीसुद्धा उंच झाली नव्हती, तरी मी काठाला झालो. गाडी पाण्यात शिरली, डुलली, मागची बाजू खाली बसली. मी कानात प्राण आणून ऐकत होतो. आवाज आला नाही. गाडी पाणी निथळत पलीकडच्या काठावर चढली. मी तसाच पाण्यात धावलो आणि मागे जाऊन ओणवा होऊन खाली बघितलं. गोळ्यावरचा जुना चिखल भिजलेला, पण जसाच्या तसा. कुठे खरचटलं नाही.

"काय शोधताय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

टायरचं माझं खरं निघालं, जन्या. वाडीवर पोचेपर्यंत मी तेच मनात घोळवत होतो. तिथे बाया गाडीभोवती जमल्या, पोरं नव्या टायरना हात लावून बघायला लागली, कोणीतरी मला चहा दिला. मी तो हातात धरून उभा होतो. माझं खरं निघालं हे ऐकून ज्याचं तोंड वाकडं होईल, असा माणूस मी त्या गर्दीत शोधत होतो.